ब्लड ग्रुपची जीन टेस्ट केली, आमचा अनुभव

आईच्या कार्डावर आयुष्यभर ओ पॉझिटिव्ह, आणि ऑपरेशनच्या आधी तपासलं तर दोन टेस्टचं एकमेकींशी जुळेचना. तिच्या पेशी अँटी-ए ला (ए पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या द्रवाला) अजिबात चिकटत नव्हत्या म्हणजे ओ, पण ओ वाल्याच्या सीरममध्ये (रक्ताच्या पाण्यासारख्या भागात) ए आणि बी दोन्ही पेशींच्या गुठळ्या व्हायला हव्यात ना, इथे फक्त बी च्या झाल्या. टेक्निशियन ताईंनी ए ची ट्यूब हलवून दाखवली, तळाचा लाल ठिपका धुरासारखा अलगद सुटून वर आला, म्हणजे गुठळी नाहीच. जीन टेस्ट त्यांनीच सुचवली.

लॅबचं नाव लिहीत नाही. पहिला रिपोर्ट आला, एक कॉपी ए ची, एक ओ ची. ओ म्हणजे जीनमधलं २६१ नंबरचं एकच अक्षर गळालेलं, तिथून पुढचं सगळं वाचन चुकतं आणि कामाचं एन्झाइम बनतच नाही. ठीक, पण ए ची कॉपी धड आहे तर पेशींवर ए दिसत का नाही? त्यावर रिपोर्टमध्ये एक ओळ नाही. तीनदा फोन केल्यावर कळलं की बेसिक पॅनेलमध्ये फक्त एक्झॉन (जीनचे प्रोटीनचा मजकूर असलेले तुकडे) ६ आणि ७ बघतात. ए२ हा ए चा कमजोर सबग्रुप त्यात सापडतो, त्याच्या जीनमध्ये शेवटाकडचं एक सी अक्षर कमी असतं आणि प्रोटीनला २१ अमिनो अ‍ॅसिडचं शेपूट वाढतं, पण आईचा घोळ तिथे नव्हताच.

मग पूर्ण जीनचं सिक्वेन्सिंग (सगळी अक्षरं वाचणं) केलं तेव्हा सापडलं, पहिल्या इंट्रॉनमधला (दोन एक्झॉनच्या मधल्या भागातला) छोटासा तुकडाच गायब. तिथे गाटा-१ नावाचं प्रोटीन बसून लाल पेशी तयार होताना हा जीन जोरात चालू करतं. हा स्विच फक्त रक्तपेशींपुरता, म्हणून आईच्या लाळेत ए अगदी नेहमीसारखा मिळाला! या सबग्रुपला ए-एम म्हणतात. काउन्सेलर मॅडमनी कागदावर आकृती काढून हे सगळं आईलासुद्धा समजेपर्यंत सांगितलं, जराही घाई केली नाही, माझे चार स्टार त्यांच्यामुळेच.

पाचवा कापला कारण पॅनेलमध्ये काय बघितलंच नाही ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं, लोक ‘ए’ वाचून फाइल मिटून टाकतात. तुमच्या दोन्ही टेस्ट जुळत नसतील तर सँपल देण्याआधीच विचारून घ्या, इंट्रॉन १ बघता का म्हणून. आणि हा रिपोर्ट हातात असला तरी रक्त चढवताना क्रॉसमॅच (दात्याचं रक्त आपल्या रक्ताशी जुळतं का ही तपासणी) करावाच लागतो, ते विसरू नका.

मामाचंही कार्ड ओ चंच आहे, त्याचं सँपल पुढच्या आठवड्यात देतोय, यावेळी थेट पूर्ण सिक्वेन्सिंग.