पागाचं शिसं ओतायला साचा: बिडाचा की अॅल्युमिनियमचा?

मालवण-देवगडकडे पाग (फेकायचं जाळं) टाकणारे आणि गरवणारे (गळाने मासे धरणारे) मिळून जाळ्या-गळाला लावायची शिशाची वजनं ओतायचे साचे मागवणार असतील, तर आधी धातू ठरवा. माझा कौल अॅल्युमिनियमला.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, अॅल्युमिनियम 660 ला, त्यामुळे साचा वितळायची भीती नाही. तो लवकर तापतो आणि बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) निम्म्याहूनही हलका असतो. सतत उघडझाप करताना मनगट भरून येत नाही. शिवाय खाऱ्या हवेत बिडासारखा तांबडा गंज धरत नाही. पण धातू मऊ. चिकटलेलं शिसं स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं, की कडा बिघडते आणि फटीतून शिसं पसरतं.

बीड दणकट. साचा वाडीत सामायिक राहून अनेकांच्या हातांत फिरणार असेल, तर बीडच घ्या. फक्त पावसाळ्याआधी तेल चोळून ठेवायला एक जबाबदार माणूस हवा.

एकत्र मागणीचा खरा फायदा पैशांत आहे. बिडासाठी कोल्हापूरच्या फाउंड्रीत फर्मा (ओतकामासाठीचा मूळ आकार) एकदाच बनतो, अॅल्युमिनियमसाठी सीएनसीची (संगणकाने चालणाऱ्या कापयंत्राची) जुळणी एकदाच होते. तो खर्च सगळ्यांत वाटला जातो. म्हणून वजन आणि आकार आधीच एकमताने ठरवा, आगाऊ रक्कम घ्या आणि आधी एक नमुना ओतून बघा.

साचा कोणताही असो, तो कोरडा आणि गरम करूनच शिसं ओता. ओल राहिली तर वाफेने वितळलेलं शिसं अंगावर उडतं. काम उघड्यावर, पोरांपासून लांब करा, आणि शिसं वितळवलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला नको.