वॉटरप्रूफिंगच्या धंद्यातलं व्हिजिटिंग कार्ड : एका पावसाळ्याचा अनुभव

मे महिन्यात शनिवार पेठेतल्या एका प्रेसमधून नवीन कार्डं छापून घेतली आणि पावसाळाभर वाटली. माझं काम गच्च्या, टाक्या आणि बाथरूमच्या गळतीचं. त्यामुळे कार्ड जातं सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, वॉचमनच्या टेबलावर, नाहीतर लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर. कॉन्फरन्समध्ये वाटायच्या कार्डाचे निकष इथे फारसे चालत नाहीत.

साइज नेहमीचीच, साडेतीन बाय दोन इंच. ३५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत कोटिंगचा जाड कागद, पुढून गडद निळा रंग आणि त्यावर वेल्व्हेट लॅमिनेशन, म्हणजे मखमलीसारखी मऊ प्लास्टिकची फिल्म, मागची बाजू मात्र मुद्दाम कोरी. प्रेसवाले काका म्हणाले, "मॅडम, एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर पावसात कार्ड वळणार." मी तरीही अडून बसले, कारण लोक कार्डावर लिहितात, हे मला साइटवर रोज दिसतं.

झालं असं की दोघांचंही खरं ठरलं. जुलैत गठ्ठ्यातली कार्डं पुढच्या बाजूला वळायला लागली. कोऱ्या बाजूचा कागद दमट हवेतली ओल पिऊन फुगतो, पुढची प्लास्टिकची फिल्म तशीच राहते. रबर लावून पुस्तकाखाली दाबून ठेवली की बऱ्यापैकी सरळ होतात. पण त्याच कोऱ्या बाजूवर लोकांनी "बी विंग, ७०२, बेडरूमचा कोपरा" असलं लिहून फोन केले. बॉलपेन चांगलं उठतं, जेलपेनची शाई मात्र आर्ट कार्डवर वाळायला वेळ घेते आणि अंगठा लागला की फासते.

वेल्व्हेटबद्दल माझा उत्साह ओसरला. हातात मऊ लागतं, पहिल्या भेटीत छाप पडते, हे खरं. पण गडद रंगावर नखांचे ओरखडे दिसतात आणि खिशातल्या किल्ल्यांनी कडा पांढऱ्या पडतात. निळ्याचंही तेच. स्क्रीनवर झळाळणारा आरजीबी (प्रकाशाच्या लाल-हिरव्या-निळ्यातून बनलेला) निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, छापला की मंदावतो, म्हणून छापील प्रूफ (नमुना) हातात घेतल्याशिवाय हो म्हणू नका. मराठी मजकूर कर्व्ह करूनच (अक्षरांचे आकारांत रूपांतर करून) फाइल द्या, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसला तर वेलांट्या आणि जोडाक्षरं कुठेही जातात.

क्यूआर कोडवर मी सर्वांत जास्त डोकं लावलं. त्यात वेबसाइटऐवजी नाव, काम आणि नंबर एवढंच भरलं. स्कॅन केलं की थेट कॉन्टॅक्ट सेव्ह होतो, इंटरनेट लागत नाही. पत्ता, ईमेल आणि जीएसटी नंबर घातला असता तर कोडमधले चौकोन बारीक होऊन दोन सेंटिमीटरच्या कोडवर जुने मोबाइल अडखळले असते. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने १९९४ मध्ये हा कोड गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला, तो मळला तरी वाचता यावा अशी सोय त्यात आहे. या सोयीच्या सर्वांत वरच्या 'एच' पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. मी तीच पातळी घेतली आणि नोटीस बोर्डावर डागाळलेलं कार्डही स्कॅन झालं.

अर्थात साठीपुढचे चेअरमन स्कॅन करत नाहीत, ते नंबर दाबतात. तो चौदा पॉइंटात, ठळक आणि इंग्रजी आकड्यांत ठेवला, याचा फायदा क्यूआरपेक्षा जास्त झाला, असं माझं स्पष्ट मत. फोन टेकवून चालणारी एनएफसी कार्डं एका ओळखीच्या आर्किटेक्टकडे आहेत, पण वॉचमनच्या हातात ठेवून यायला ती परवडत नाहीत.

पुढच्या लॉटला लॅमिनेशन पूर्ण काढणार. पांढरी पार्श्वभूमी, बिनकोटिंगचा जाड कागद, आणि मागे फ्लॅट नंबर व गळतीची जागा लिहायला दोन फिकट रेघा.