फिश ऑइलची '१००० मिलिग्रॅम' कॅप्सूल: बाटली फिरवून मागचं लेबल वाचा

बाटलीवर ठळक छापलेले १००० मिलिग्रॅम हे नुसत्या तेलाचं वजन असतं. दाह कमी करण्याचं काम त्यातली दोन मेदाम्लं करतात, ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये ती बहुधा १८० आणि १२० मिलिग्रॅम, म्हणजे मिळून जेमतेम ३०० भरतात.

आता याचा हिशेब पाहा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (सांध्यांना दाह आणणारा संधिवात) ज्या चाचण्यांमध्ये सांधेदुखी आणि सकाळचा ताठरपणा कमी झाल्याचं दिसलं, त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत ईपीए आणि डीएचए मिळून रोज ३ ग्रॅमच्या आसपास दिलं होतं. साध्या कॅप्सूलनं तेवढं गाठायचं तर दिवसाला दहा गोळ्या गिळाव्या लागतील. म्हणून सांध्यांसाठी घ्यायचीच असेल तर एका कॅप्सूलमध्ये ही दोन्ही मिळून ६०० मिलिग्रॅमच्या वर असलेलीच घ्यावी. काही लेबलांवरचा आकडा दोन कॅप्सूलचा मिळून असतो, तेही तपासा.

सगळ्यात मोठी चूक होते ती घाईची. ही मेदाम्लं पेशींच्या आवरणात शिरून ॲराकिडॉनिक आम्लाची जागा थोडी थोडी घेतात. दाह वाढवणारी बरीच प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं याच आम्लापासून बनतात. पेशींच्या आवरणातला हा बदल हळूहळूच होतो; तांबड्या रक्तपेशींचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. त्यामुळे तीन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून बाटली बाजूला ठेवणं म्हणजे औषधाला संधीच न देणं. निदान तीन महिने सलग घ्या आणि मगच ठरवा.

कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊ नका. लेबलवर 'इथाइल एस्टर' (तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं स्वरूप) लिहिलं असेल तर ती स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबतच नीट शोषली जाते. 'ट्रायग्लिसराइड' स्वरूप त्या मानानं शोषायला सोपं. माशाच्या वासाचे ढेकर येत असतील तर मात्रा दोन जेवणांत विभागा. तेल खवट झालंय का, हे पाहायला एक कॅप्सूल कापून हुंगा. लिंबाचा स्वाद घातलेल्या कॅप्सूलमध्ये खवटपणा लपतो, म्हणून बिनस्वादाची बरी. उन्हापासून दूर, गार जागी ठेवा आणि लहान बाटलीच विकत घ्या.

कॉड लिव्हर ऑइल म्हणजे हे नव्हे. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, मात्रा वाढवली की ते घातक ठरू शकतं. गरोदरपणात तर टाळाच. जवसातलं एएलए हे मेदाम्ल शरीरात फार थोड्या प्रमाणात ईपीए होतं आणि डीएचए त्याहून कमी. शाकाहारींसाठी शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल हा खरा पर्याय आहे, पण तिच्यात डीएचए जास्त आणि ईपीए कमी असू शकतं.

ज्यांना दाहाचा आजार नाही, त्यांना आम्ही ही कॅप्सूल सुचवणार नाही. साल्मनसारख्या तेलकट माशाच्या १०० ग्रॅम तुकड्यातून दीड-दोन ग्रॅम ईपीए-डीएचए मिळतं, वर प्रथिनंही. आठवड्यातून दोनदा असा मासा खाण्याची सवय वर्षानुवर्षं टिकते, बाटली सहसा टिकत नाही.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, तर मोठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ती घेणाऱ्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा) धोका वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. मेथोट्रेक्सेटसारखं संधिवाताचं चालू औषध या कॅप्सूलच्या भरवशावर बंद करू नका.