तो फोटो माझ्या मुलीचा आहे

मागच्या आठवड्यात मेहुण्यानं मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. त्यांच्या गावच्या ग्रुपवर फिरत होती. "लहान मुलांच्या अंगावरील लाल डाग, गाठ, जन्मखूण. बिनऑपरेशन कायमचे नाहीसे. १०० टक्के गॅरंटी." खाली शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडं तान्हं लेकरू, उजव्या पापणीवर पिकल्या बोराएवढी लालभडक गाठ. उजवीकडं तीच मुलगी तीन वर्षांची, दोन वेण्या घातलेली, हसरी, गाठीचा मागमूस नाही.

ती माझी मुलगी आहे. पहिला फोटो जाहिरात देणाऱ्यानं त्याच्या खोलीत काढला होता. दुसरा माझ्या स्टेटसवरून उचलला, तिच्या वाढदिवसाचा. मधली जी तीन वर्षं त्या जाहिरातीत नाहीत, ती मी इथं लिहितोय.

मी परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. मुलगी आठव्या महिन्यातच झाली, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. जन्मली तेव्हा अंगावर काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पापणीवर मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसला, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. सव्वा महिन्यात त्याचा चिंचोका झाला. तोवर घरात ग्रहणाची कुजबुज सुरू झाली होती. ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली म्हणून लेकराला हे आलं, असं शेजारच्या म्हाताऱ्या हिच्या तोंडावर म्हणायच्या. माझी आईही गप्प बसून ऐकून घ्यायची. बायको रात्री लेकराला पाजता पाजता रडायची आणि मी दुकानाचा हिशेब करत बसायचो. ते मला आजही टोचतं. अशा गाठीचा ग्रहणाशी, विळीशी, आईच्या खाण्यापिण्याशी काडीचा संबंध नसतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या लेकरांत, त्यातही मुलींत, ती जास्त दिसते. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हिचे ते दिवस तरी सुखाचे गेले असते.

अशा वेळी माणूस जे हाताला लागेल ते धरतो. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, तालुक्याच्या गावी दर गुरुवारी एक स्किनचे डॉक्टर बसतात, हात लावला की डाग जातो. आम्ही गेलो. मेडिकलच्या वरची खोली, बाहेर लेझरच्या मशीनचं चित्र असलेला बॅनर, बाकावर सात-आठ जण. त्यानं पांढरा कोट घातलेला. बोलायला इतका गोड की आईनं त्याच्यापुढं हात जोडले. लेकराला बघून म्हणाला, "सडकं रक्त साचलंय. वरून नाही, मुळापासून काढावं लागंल. सात सिटिंग." मग एक अल्बम काढला. पान उलटावं तशी लेकरं, आधी आणि नंतर. कुणाच्या गालावर गाठ, कुणाच्या डोक्यावर, आणि शेजारी तेच लेकरू साफ. त्या अल्बमनं आम्हाला जिंकलं.

एका सिटिंगचे तीन हजार, सातचे एकवीस, एकदम भरले तर अठरा. मी त्याच दिवशी अठरा हजार रोख मोजले. बिल मागितलं नाही. त्यानं एका पिवळ्या कार्डावर सात चौकोन आखले आणि पहिल्यात टिकमार्क केली. आजाराचं नाव नाही, औषधाचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. दुकानावर येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी सांगतो, पक्कं बिल घ्या, पिशवीवरचा लॉट नंबर बघा, टॅग फेकू नका, सोयाबीन उगवलं नाही तर तोच पुरावा. आणि पोटच्या लेकरासाठी मी टिकमार्कचं कार्ड घेऊन घरी आलो.

सिटिंग म्हणजे काय, तर लाल उजेडाचं एक पेन मिनिटभर गाठीवर धरायचं. त्याला तो लेझर म्हणायचा. लेकराचा डोळा झाकला नाही, स्वतः चष्मा लावला नाही. मग लेबल नसलेल्या छोट्या बाटलीतून तपकिरी पाणी काढून काडीनं गाठीच्या कडेला लावायचं. पहिल्याच वेळी आई दबक्या आवाजात मला म्हणाली, "ह्याला बिब्ब्याचा वास येतोय रे." बिब्बा आमच्याकडं घरोघरी ठाऊक आहे, उतला तर कातडी कशी फुगते तेही ठाऊक आहे. मी आईला गप्प केलं.

तिसऱ्या गुरुवारनंतर गाठीला जखम झाली. वर काळी खपली, खालून पाणी. लेकरू दूध पिता पिता दचकून रडायचं. गाठ तर वाढतच होती. विचारलं की तो म्हणायचा, "बाहेर येतंय म्हणजे औषध लागू पडलंय." सात झाल्यावर आणखी दोन सांगितल्या, त्याचे सहा हजार वेगळे. दर वेळी मोबाइलवर फोटो काढायचा. मला वाटायचं, किती मन लावून करतोय.

डोळ्याचं मात्र हिच्या लक्षात आलं. पाजताना पदर लेकराच्या डाव्या डोळ्यावर सरकला की ती मान झटकायची, किंचाळायची. उजव्यावर सरकला तर काहीच नाही, शांत प्यायची. हिनं चार दिवस मुद्दाम करून पाहिलं, मग मला हाक मारली. "बघा, उजव्या डोळ्यानं तिला दिसतच नसंल." गाठीच्या भारानं पापणी इतकी खाली आली होती की नुसती फट उरली होती.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली. वर्षातून दोनदा येते, लेकरं तपासते, पैसे लागत नाहीत. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी लेकराला उजेडाकडं धरलं आणि कागदावर लिहिलं : हिमॅन्जिओमा. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या गाठीला कुणी नाव दिलं. म्हणाल्या, "डोळ्यावर आहे, एक दिवसही घालवू नका." जिल्हा रुग्णालय, तिथून संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना. त्वचा, बालरोग आणि डोळे, तिन्ही विभागांनी बघितलं.

तिथं कळलं की हे सडकं रक्त नव्हे, रक्ताच्या बारीक नळ्यांची वाढ आहे. शंभरातल्या चार-पाच लेकरांना होते. जन्मानंतर थोड्या दिवसांनी उगवते, दीड-दोन महिन्यांच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं वाढते, पाच महिन्यांपर्यंत बहुतेक वाढ होऊन जाते. वर्षाच्या पुढं ती हळूहळू फिकी पडते, बसत जाते. पाठीवर, पोटावर छोटी असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. पण पापणीवर, नाकावर, ओठावर, हनुवटीभोवती किंवा लंगोटाच्या जागी असेल, जखम झाली असेल, किंवा अंगावर पाच वा त्याहून जास्त असतील, तर वाट बघायची नसते. हनुवटीभोवतीची श्वासाच्या वाटेतही असू शकते. पाच वा त्याहून जास्त असतील तर लिव्हरची सोनोग्राफी करतात. पापणीवरची नजर अडवते, आणि तान्हेपणी ज्या डोळ्याला दिसत नाही त्याच्याकडं मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो.

औषध निघालं प्रोप्रॅनोलॉल. नाव ऐकून मी चमकलो, ते माझे वडील हृदयासाठी घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लिओते-लाब्रेझ नावाच्या डॉक्टरबाईंच्या ध्यानात हे आलं आणि २००८ साली त्यांनी ते जगापुढं मांडलं. नाकावर अशीच गाठ असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी ही गोळी सुरू केली, आणि दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडली, रंग उतरला. आता जगभर हेच पहिलं औषध आहे. वरवरच्या लहान गाठीला टिमोलॉलचे थेंबही चालतात.

पण ही गोळी घरच्या घरी कुणी देऊ नये, हात जोडून सांगतो. आधी हृदयाचा आलेख काढला, साखर आणि बीपी बघितलं, पहिले काही दिवस भरती करून डोस हळूहळू वाढवला. वजनावर डोस ठरतो आणि वजन वाढलं की बदलतो. दूध पाजल्याशिवाय द्यायची नाही. उलटी, जुलाब असतील, लेकरू पीत नसेल तर तो डोस चुकवायचा, नाहीतर साखर एकदम उतरते. छातीत घरघर झाली की थांबवून लगेच दाखवायचं. हे सगळं त्यांनी हिला दोनदा म्हणून घ्यायला लावलं.

चौथ्या दिवशी लालभडक रंग जांभळट झाला. पंधरा दिवसांत पापणी वर उचलली. औषध वर्षभर चाललं आणि सगळं औषध मिळून त्याच्या एका सिटिंगपेक्षा कमी पैशात झालं. नजर मात्र पूर्ण आली नाही. गाठीच्या दाबानं बुबुळाचा आकार बदललाय, त्याला चष्मा आहे. शिवाय चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधावी लागते. पट्टी बांधली की ती भिंतीला हात लावत चालते. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी विचारलं, दोन महिने आधी आणली असती तर? त्या म्हणाल्या, "फरक पडला असता." त्या एवढंच म्हणाल्या, आणि खरं सांगितलं हेच बरं झालं.

आता तो अल्बम. त्यातल्या गाठी त्यानं घालवलेल्या नव्हत्याच. पाच महिन्यांच्या लेकराचा फोटो काढायचा आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा काढायचा, मधलं काम निसर्ग करतो. वाढली तर म्हणायचं "बाहेर येतंय", बसली तर म्हणायचं "मी घालवली". दोन्हीकडून पैसा त्याचाच. म्हणून फोटो बघून विश्वास ठेवू नका. समोरच्याला एवढंच म्हणा, आजाराचं नाव आणि औषधाचं नाव कागदावर लिहा, खाली तुमचा नोंदणी क्रमांक टाका. ॲलोपॅथीचा डॉक्टर असेल तर त्याचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं तपासता येतो. जो लिहायला कां-कू करेल त्याच्याकडून लेकरू उचलून घरी या.

तिथल्या बाकावर एक आजोबा दोन वर्षांच्या नातवाला घेऊन यायचे. नातवाच्या कपाळापासून पापणीवरून गालापर्यंत जांभळाचा रस सांडल्यासारखा सपाट डाग, जन्मापासूनचा. त्यालाही तेच पेन, तीच बाटली. दवाखान्यात मी त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा कळलं की हा प्रकारच वेगळा. याला पोर्ट वाईन स्टेन म्हणतात. हा आपोआप जात नाही, लेकरासोबत वाढतो, पुढं गडद होतो. प्रोप्रॅनोलॉलचा त्यावर उपयोग नाही. त्यासाठी पल्स्ड डाय लेझर असतो. तो बऱ्याच वेळा, काही आठवड्यांच्या अंतरानं करावा लागतो, डाग फिका करतो, पूर्ण जाईलच असं नाही. डोळ्याजवळ करताना डोळ्यावर संरक्षक कवच बसवतात, करणाराही गॉगल लावतो. आणि डाग कपाळावर, वरच्या पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब आणि मेंदू तपासायलाच हवा. काचबिंदू होऊ शकतो, झटके येऊ शकतात.

आजोबा एकदा मला म्हणाले होते, "मधीच त्याचा एक हात उडतोय, दृष्ट लागली आसंल." बाहेर येऊन मी त्यांच्या गावातल्या गिऱ्हाइकाकरवी त्यांना फोन लावला. पोराच्या डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. थेंब सुरू झाले, झटक्यांचंही औषध सुरू आहे. आजोबांनी त्याच्याकडं तीन हप्ते भरले होते.

मानेवरचे, कपाळावरचे फिके गुलाबी डाग, जे रडलं की लाल होतात, ते बहुतेक निरुपद्रवी असतात आणि चेहऱ्यावरचे वर्ष-दोन वर्षांत जातात. त्यासाठीही लोक त्याला पैसे देताना मी पाहिलेत.

मी पैसे परत मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही कोर्स मधेच सोडला." पुढच्या गुरुवारी खोलीला कुलूप. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं अर्ज दिला. पिवळं कार्ड आणि आईनं लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेली बाटली दाखवली. पण पावती नाही, त्याचं पूर्ण नाव नाही, म्हणून अर्ज तिथंच राहिला. आता जाहिरातीवर त्याचा नंबर आहे आणि माझ्या मुलीचा फोटो आहे. या दोन्हींसह मी नवा अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं दिलाय, पोलिसांतही तक्रार केलीय. पावती असलेले कुणी असतील तर त्यांनीही अर्ज करावा.

ती जाहिरात तुमच्याकडं आली तर उजवीकडचा फोटो बोटांनी मोठा करून बघा. त्या दिवशी फोटोपुरता चष्मा काढला होता. उजव्या पापणीच्या बाहेरच्या कडेला भाताच्या शिताएवढा पांढरट वण दिसेल. तो त्याच्या बाटलीचा आहे.