किनाऱ्यावरची 'काळी मेंदी': हात पुढे करण्याआधी

गोव्यातलं कळंगूट, बागा, हणजूणचा बुधवारचा बाजार, तिकडे दक्षिणेला कोलवा आणि पाळोळे. हंगाम सुरू झाला की नक्षीची वही आणि कोन घेऊन टॅटू काढणारे दिसू लागतात. दंडावर ड्रॅगन, पाठीवर विंचू, तासाभरात काळाभोर. हात त्यांचा बसलेला असतो, रेघ सफाईदार येते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते कोनातल्या मालाबद्दल. काळा रंग असेल तर ही सेवा कुणीच घेऊ नये, आणि मुलांचा हात तर मुळीच पुढे करू नये.

मेंदी काळी नसते. पानातल्या लॉसोन या रंगद्रव्याचा रंग आधी केशरी येतो, मग २४ ते ४८ तासांत विटकरी-तपकिरी होतो. तो गडद चढतो तळहात-तळपायावर, कारण तिथली कातडी जाड. दंडावर किंवा पाठीवर खरी मेंदी बरीच फिकी राहते. नेमकी हीच जागा तासाभरात काळी होत असेल, तर कोनात बहुधा पीपीडी आहे, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, केस काळे करायच्या डायमधलं रसायन.

युरोपात केसांच्या डायमध्येही लावतेवेळी ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि त्वचेवर लावायला परवानगीच नाही. काळ्या मेंदीच्या काही नमुन्यांत मात्र ते १५ टक्क्यांहून जास्त सापडलं आहे. शिवाय डाय अर्ध्या तासात धुतला जातो, ही नक्षी तासन् तास कातडीला चिकटून असते. त्रास लगेच होत नाही, म्हणूनच फसगत होते. दोन दिवसांनी, कधी दहा दिवसांनी खाज सुटते, मग नक्षीच्याच आकाराचे फोड येतात. तोवर पर्यटक घरी पोचलेला असतो. फोड बरे झाले तरी पांढुरका डाग महिनोन् महिने राहतो. खरं नुकसान त्यापुढचं: पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर जात नाही. पुढे केसांचा डाय, काही गडद कपड्यांचे रंग, बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असलेली मलमं, यांनीही अंग उठू शकतं.

नक्षी हवीच असेल तर तपकिरी मेंदी घ्या आणि कोनात काय काय आहे ते विचारा. पावडर, पाणी किंवा लिंबू, साखर, निलगिरीचं तेल, एवढंच उत्तर यायला हवं. रॉकेलसारखा वास आला तर उठा. थेंबभर लेप तळहातावर ठेवून पाच मिनिटांनी पुसा: फिका केशरी ठसा ठीक, लगेच गर्द लाल किंवा काळा उमटला तर वरून रंग घातला आहे.

त्यापेक्षा कोन घरी करणं सोपं. १०० ग्रॅम बारीक चाळलेली पावडर (राजस्थानातल्या सोजतची चांगली, घटकांत फक्त लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेंदीचं शास्त्रीय नाव, असावं), साधारण पाव लिटर लिंबूपाणी, २ ते ३ चमचे साखर. झाकून ठेवा, आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात पाच-सहा तासांत रंग सुटतो, पावसात जास्त वेळ लागतो. उरलेले कोन फ्रीझरमध्ये. बाहेर राहिले तर रंग मरतो, आणि बाजारचा महिनोन् महिने टिकणारा कोन म्हणूनच संशयास्पद. समुद्रस्नान आधी उरका, सनस्क्रीन साबणाने पूर्ण काढा, नाहीतर रंग धरत नाही. लेप सहा तास ठेवा, खरवडून काढा, वर खोबरेल लावा, बारा तास पाणी नको. जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना मात्र शुद्ध मेंदीही नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

किराणा दुकानातल्या 'काळ्या मेंदी'च्या पुड्याही इथेच मोडतात. पुढे पानांचं चित्र, मागे बारीक अक्षरांत पीपीडी. असा डाय असेल तर आधी चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका, हा इशारा पाकिटावर छापणं आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. चाचणी म्हणजे कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबणं. पण किनाऱ्यावरच्या टॅटूने ज्यांना एकदा फोड आले, त्यांनी हा ठिपकाही घरी लावू नये. आधी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग विभागात दाखवावं.