चार नंबरचं आयर्न ठेवायचं, की हायब्रिड घ्यायचा, की सात नंबरचा वुड?

खारघरच्या गोल्फ सरावाच्या रेंजवर रविवारी सकाळी तासभर उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. सात नंबरच्या आयर्नने (पातळ धातूच्या डोक्याची गोल्फची काठी, म्हणजे क्लब) चेंडू १४० यार्ड जातो, सहा नंबरने १५०, पाच नंबरने १६०, आणि चार नंबर काढला की तोही १६०च. कधी कधी त्याच्याही अलीकडे. मग माणूस जोर वाढवतो, खांदे आवळतो, आणि चेंडू आणखी खालून, आणखी उजवीकडे जातो. माझी दोन वर्षं यातच गेली. त्यामुळे चार नंबरचं आयर्न ठेवायचं, की त्याच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्यामधला क्लब), सात नंबरचा वुड (मोठ्या, गोलसर डोक्याचा क्लब) किंवा ड्रायव्हिंग आयर्न आणायचं, हे कुणी विचारलं की मी घाईने उत्तर देत नाही. विचारणाऱ्याचे पैसे जाणार असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या क्लबमुळे चांगला स्विंग बिघडतो.

आधी कारण समजून घेऊ. चेंडू हवेत टिकतो तो बॅकस्पिनमुळे. उलटा फिरणारा चेंडू हवा खाली ढकलतो आणि त्याला वर उचल मिळते. ही उचल चेंडूच्या वेगावर अवलंबून असते. सात नंबरला लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन, भरपूर असतो, म्हणून वेग बेताचा असला तरी चेंडू चढतो. चार नंबरला लॉफ्ट साधारण २१ ते २४ अंश. तिथे चेंडू वर नेण्याचं बरंचसं काम वेगालाच करावं लागतं. वेग कमी पडला तर चेंडू सुटतो जोरात, पण पुरता चढायच्या आतच उतरायला लागतो. लॉफ्ट तीन-चार अंशांनी कमी असल्याचा फायदा कमी उंचीत वाहून जातो आणि दोन्ही क्लब एकाच जागी चेंडू टाकतात. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धांत, चार नंबरच्या आयर्नचा वेग ताशी ९६ मैलांच्या आसपास असतो आणि चेंडू हवेतूनच २०० यार्ड ओलांडतो. तुमच्या-माझ्यासारखा शनिवार-रविवार खेळणारा त्या वेगाच्या जवळपासही नसतो, आणि यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही. वेगाप्रमाणे लॉफ्ट निवडावा, एवढंच करायचं असतं.

दुसरी गोष्ट क्लबवरच्या आकड्याची. तो आकडा फसवा आहे. नव्वदच्या दशकात सात नंबरच्या आयर्नला ३४-३५ अंश लॉफ्ट असायचा. आज नवशिक्यांना सोपे म्हणून विकले जाणारे सेट पाहिले तर सात नंबर २८ ते ३० अंशांवर आलेला दिसतो. म्हणजे आजचं पाच नंबर हे कालचं चार नंबर, कधी कधी तर तीन नंबरच्याही जवळचं. नवा सेट घेतलेल्या माणसाचं गाडं म्हणूनच पाच नंबरपासूनच अडतं. क्लब बनवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: लॉफ्ट २४ अंशांच्या खाली किंवा लांबी ३८ इंचांच्या वर गेली की सामान्य खेळाडूला ते आयर्न सांभाळत नाही. ठोकताळाच आहे तो, पण मला पटलेला. तेव्हा नंबर विसरा, लॉफ्ट विचारा. पुढे मी जिथे ‘चार नंबर’ म्हणतो तिथे २१ ते २४ अंशांचं आयर्न समजा.

आता एकेकाकडे येऊ.

चार नंबरचं आयर्न

याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एप्रिल-मेमध्ये फेअरवे, म्हणजे होलकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा, वाळून टणक होतो, चेंडूखाली गवत जवळजवळ नसतं. अशा जागी आयर्नची पातळ कड चेंडूखाली नीट शिरते, तर रुंद तळाचा क्लब उसळून चेंडूच्या मध्यावर आदळू शकतो. समोरून वारा असला की खालून जाणारा चेंडू कमी भरकटतो. टणक जमिनीवर तो पुढे पंचवीस-तीस यार्ड पळतो तेही बरं वाटतं. शिवाय बाकीच्या आयर्नशी त्याचं वजन, शाफ्ट (क्लबची दांडी), हाताला लागणारा अंदाज सगळं जुळतं.

अडचण एकच, पण मोठी: चूक माफ करत नाही. हे पाहायचं असेल तर घरातली टाल्कम पावडर रेंजवर न्या आणि क्लबच्या तोंडावर पातळ थर फासा. मी तसं केलं तेव्हा सात नंबरवर दहा चेंडूंचे ठसे मध्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत एकमेकांवर पडले. चार नंबरवर मात्र ते खालच्या कडेपासून टोकापर्यंत विखुरले होते, आणि मध्यावर फक्त दोन. टोकाला लागलेला चेंडू हाताला झिणझिण्या आणतो आणि पंधरा यार्ड अलीकडेच बसतो. मला वाटत होतं क्लब अंतर देत नाही. पावडरीने दाखवलं की दहापैकी आठ वेळा मी त्याला अंतर द्यायची संधीच देत नव्हतो.

१९५०च्या यू.एस. ओपनमध्ये मेरियनच्या अठराव्या होलवर बेन होगन यांनी एक नंबरच्या आयर्नने मारलेला फटका आजही लाँग आयर्नचा (लहान नंबरच्या, लांब आयर्नचा) मानदंड मानला जातो, आणि तो मानही त्याला शोभतो. पण तेव्हाचा बलाटाच्या (रबरासारख्या मऊ) आवरणाचा चेंडू फार फिरायचा, त्यामुळे कमी लॉफ्टनेही हवेत टिकायचा. आजचा चेंडू लांबच्या फटक्यात कमी फिरतो. ते दृश्य डोळ्यांसमोर ठेवून आजच्या चेंडूने चार नंबर मारणं आपल्यासाठी आणखी अवघड आहे.

ड्रायव्हिंग आयर्न

हे थोडक्यात. दिसायला आयर्न, आतून पोकळ, तळ जरा रुंद. चार नंबरपेक्षा थोडं सोपं, पण लॉफ्ट बहुधा १८ ते २१ अंश. ज्याच्या हातात वेग आहे आणि ज्याला टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, वाऱ्याखालून सरळ चेंडू ठेवायचा आहे त्याच्यासाठी ते आहे. सात नंबर १६० यार्डांच्या आत जात असेल तर इकडे पाहू नका. उंचीचा प्रश्न यानेही सुटत नाही.

हायब्रिड

हायब्रिडचं डोकं मागे पसरलेलं असतं, त्यामुळे वजनाचा मध्य चेंडूपासून मागे आणि खाली जातो. तेवढ्यानेच चेंडू वर सुटतो, आणि फटका मध्यावर बसला नाही तरी डोकं फारसं वळत नाही. गोलसर तळ गवतात रुतण्याऐवजी घसरत पुढे जातो. रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या उंच गवतात, चार नंबरच्या आयर्नच्या मानेभोवती गवत गुंडाळतं, तोंड बंद होतं आणि चेंडू डावीकडे खाली जातो. तिथे हायब्रिड शंभर टक्के सरस.

२००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हेझल्टाइनच्या शेवटच्या होलवर यांग योंग-अन यांनी झाडाच्या बाजूने, २०० यार्डांपेक्षा लांबून हायब्रिड मारून चेंडू झेंड्याजवळ ठेवला आणि टायगर वुड्स यांना मागे टाकून स्पर्धा जिंकली. हायब्रिड म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब असं अजूनही कुणी म्हणत असेल तर त्याला हा फटका दाखवावा.

पण घ्यायच्या आधी तीन गोष्टी पाहा. एक, हायब्रिडचा शाफ्ट त्याच नंबरच्या आयर्नपेक्षा साधारण इंचभर लांब असतो, म्हणून तो आठ-दहा यार्ड जास्त जातो. चार नंबर काढून चार नंबरचाच हायब्रिड आणला तर पाच नंबरनंतर मोठी दरी पडू शकते. दोन, बऱ्याच हायब्रिडचा कल डावीकडे असतो. ज्याचा चेंडू उजवीकडे जातो त्याला ते पथ्यावर पडतं, पण आधीच हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, मारणाऱ्याने सावध राहावं. तीन, आयर्न स्टीलच्या १०० ग्रॅमहून जड शाफ्टची आणि हायब्रिड ५५ ग्रॅमच्या ग्राफाइटचा असेल तर हात चुकतोच. वजनातला फरक माफक ठेवा.

मारायची पद्धतही महत्त्वाची. मी नवा हायब्रिड घेऊन पहिल्यांदा खेळलो तेव्हा पाच-सहा चेंडू जमिनीलगत सरपटत गेले. बॅग उचलणारा कॅडी काही न बोलता चालत होता. सातव्या होलवर तो माझ्या पायापाशी वाकला, गवतावरून हात फिरवला आणि म्हणाला, “साहेब, बघा, पातीसुद्धा तुटली नाही. तुम्ही उचलायला जाताय. आयर्नसारखा खाली मारा, तो आपोआप वर जाईल.” चेंडू मध्यापासून पुढच्या पायाकडे एखादा चेंडूभर ठेवून मी खाली मारला. चेंडू उंच गेला आणि चेंडूच्या पुढे तळहाताएवढी गवताची पातळ चकती निघाली. हायब्रिडला वुड समजून झाडूसारखा फिरवणं ही सर्वात सामान्य चूक आहे.

सात नंबरचा वुड

हा पर्याय लोक विचारातच घेत नाहीत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. साधारण २१ अंश लॉफ्ट, हायब्रिडपेक्षाही मागे पसरलेलं डोकं, आणि शाफ्ट इंच-दीड इंच आणखी लांब. परिणाम एकच: उंची. चेंडू चढतो, वर थांबल्यासारखा दिसतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, वरून पडतो. चार नंबरने ग्रीनवर पडलेला चेंडू मागच्या वाळूच्या बंकरपर्यंत पळतो, सात नंबरच्या वुडचा चेंडू चार-पाच पावलांत थांबतो. लांबून ग्रीनवर थांबवायचं असेल तर याच्यासारखा क्लब नाही.

वुडने लांबून ग्रीन गाठण्यात मोठमोठ्यांनाही कमीपणा वाटलेला नाही. २००८च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल बर्कडेलच्या सतराव्या होलवर पॅड्रेग हॅरिंग्टन यांनी पाच नंबरच्या वुडने चेंडू होलजवळ टाकून ईगल (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी) केला. डस्टिन जॉन्सनसारखा बलदंड खेळाडूही २०२०चे मास्टर्स जिंकताना सात नंबरचा वुड बाळगून होता. आणि आपली अदिती अशोक! टोकियो ऑलिंपिकमध्ये टीवरून सर्वात कमी अंतर मारणाऱ्यांपैकी एक असूनही ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. समोरच्या खेळाडूच्या हातात लहान आयर्न असताना ती वुड आणि हायब्रिडने ग्रीन गाठत होती. कमी वेग असलेल्या माणसाने गोल्फ कसं खेळावं, हे तिच्याकडून शिकावं.

उणीवही सांगितली पाहिजे. उंच चेंडूला वारा धरतो. दाट रफमध्ये मोठं डोकं अडकतं. आणि उतारावर लांब शाफ्ट सांभाळणं कठीण: चेंडू पायांपेक्षा वर असला की हा हमखास डावीकडे ओढतो.

आपल्या हवेत आणि आपल्या कोर्सवर

सिडकोचा खारघर व्हॅलीचा कोर्स डोंगरांच्या कुशीत आहे, सपाट पाय मिळाला तर नशीब. उतरत्या जागेवर उभं राहिलं की क्लबचा लॉफ्ट आणखी कमी होतो, म्हणजे २२ अंशांचं आयर्न तिथे १८-१९ अंशांसारखं वागतं आणि चेंडू उठतच नाही. वर असलेल्या ग्रीनवर खालून जाणारा चेंडू उताराच्या पोटातच अडकतो. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या कोर्सवर पाहुणे म्हणून खेळायला जाणाऱ्यांना खारघरचा हा फरक लगेच जाणवेल.

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर जमीन ओली असते, चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो. उन्हाळ्यात चार नंबरला मिळणारी पळ त्या चार महिन्यांत शून्य होते, उरतं ते फक्त हवेतलं अंतर, म्हणजे कॅरी. वर आयर्नची पातळ कड चेंडूच्या बोटभर मागे लागली तर चिखलात घुसते आणि फटका तिथेच संपतो. रुंद तळाचा क्लब तेवढीच चूक घसरून निभावून नेतो. नवी मुंबईत वर्षभर खेळणाऱ्याने पावसाळ्यातल्या कॅरीवरच निर्णय घ्यावा असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यातलं अंतर पाहून घेतलेला क्लब जुलैत दगा देतो.

तर कुणी काय घ्यावं? तुमच्या चार नंबरची कॅरी पाच नंबरपेक्षा किमान आठ-दहा यार्ड जास्त असेल आणि दहापैकी सहा चेंडू मध्यावर लागत असतील तर ते आयर्न ठेवा, पैसे वाचवा. रफमध्ये जास्त वेळा सापडत असाल, चेंडू उजवीकडे जात असेल, टीवरूनही एक भरवशाचा क्लब हवा असेल तर २२-२३ अंशांचा हायब्रिड. फेअरवेवर बऱ्यापैकी राहता, पण लांबून ग्रीनवर चेंडू थांबत नाही, वयाने किंवा कमरेने वेग कमी झालाय, तर सात नंबरचा वुड; तोही चढत नसेल तर २४ अंशांच्या आसपासचा नऊ नंबरचा. दोन्हींत मन अडकलं तर मी आधी वुड मारून पाहायला सांगेन, कारण हायब्रिड सगळेच सुचवतात. बॅगेत १४ क्लब चालतात. तीन आणि चार नंबरची दोन्ही आयर्न काढून एक हायब्रिड आणि एक वुड ठेवला तरी नियमात बसतं. चार-पाच वर्षं जुना वापरलेला क्लब मिळाला तरी खुशाल घ्या, फक्त शाफ्ट आणि तोंडावरची चीर तपासा.

दुकानात किंवा रेंजवर चाचणी घेताना आपलं स्वतःचं पाच नंबरचं आयर्न बरोबर न्या. रेंजचे जुने चेंडू कमी जातात, म्हणून दोन्ही क्लब एकाच टोपलीतल्या चेंडूंनी मारा. आधी पाच नंबरचे दहा, मग नव्याचे दहा, मग पुन्हा पाच नंबरचे पाच, म्हणजे अंग गरम झाल्याचा फायदा नव्या क्लबच्या खात्यात जात नाही. सर्वात लांब गेलेला चेंडू मोजू नका, दहांतला सहावा-सातवा कुठे पडला ते पाहा. माझा तो १६८ यार्डांवर पडला, सात नंबरच्या वुडने, गेल्या जुलैत, रिमझिम चालू असताना. त्याच सकाळी चार नंबरचं आयर्न १५५वर रुतलं होतं.