'रोल' आणि 'वॉलो': लोळण्याचे दोन इंग्रजी शब्द

मराठीत चेंडू उतारावरून घरंगळतो आणि म्हैस चिखलात लोळते. इंग्रजीत पहिल्या क्रियेला 'रोल', तर दुसरीला 'वॉलो' म्हणतात.

'वॉलो' हा इंग्रजीचा घरचा, जुन्या इंग्रजीपासून चालत आलेला शब्द आहे. 'रोल' मात्र जुन्या फ्रेंचमार्गे आला असून त्याचे मूळ लॅटिनमधील 'रोटा', म्हणजे चाक, या शब्दाच्या लघुरूपात आहे. तरीही संसार वाढला तो या पाहुण्याचाच. गुंडाळून ठेवलेल्या चर्मपत्रालाही हेच नाव मिळाल्यामुळे त्यावर लिहिलेली नावांची यादी 'रोल' झाली, आणि आपल्या शाळांतला 'रोल नंबर' त्याच यादीतून आला. नटाचे संवाद ज्या गुंडाळीवर लिहिलेले असत, तिच्यावरून फ्रेंचमध्ये भूमिकेचा अर्थ रूढ झाला. हिशेब पडताळण्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या नोंदपटावरून 'कंट्रोल' हा शब्द घडला. मला हा प्रवास विलक्षण वाटतो, कारण यात चाकाची गती पूर्णपणे मागे पडून केवळ कागदाचा आकार उरतो.

'वॉलो' मात्र चिखलाजवळच राहिला. त्याचा लाक्षणिक विस्तार दुःखात बुडून राहणे किंवा पैशात लोळणे इतकाच झाला, आणि मराठीतील 'ऐश्वर्यात लोळणे' या प्रयोगाशी तो सहज जुळतो.

मुळांच्या बाबतीत दोघेही आपल्या नात्यातले आहेत: 'रोटा' आणि संस्कृत 'रथ' यांचे मूळ एक मानले जाते, तर 'वॉलो' हा लॅटिन 'वोल्वेरे' आणि संस्कृत 'वलति' यांच्या कुळातला, म्हणजेच आपल्या 'वळणे'चा दूरचा आप्त ठरतो.